इंजिन घरी खोललं, आता लेथवाल्याचं बिल किती?

प्रश्न: जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० घरीच खोललीय, धूर मारत होती. लेथचा (यंत्रावर भाग कातून घेण्याचा) खर्च आधीच कसा काढायचा? (कोथरूड)

उत्तर: आधी मोजून घ्या, मगच भाव विचारा. सिलिंडरच्या वरच्या टोकाला आतून नख फिरवा, जिथे रिंगा थांबतात तिथे नख अडकलं तर झीज आहे असं धरा, पण नखावर हिशोब करू नका, बोअर गेजने (आतला व्यास मोजायच्या उपकरणाने) वर-मध्ये-खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं माप घ्यायला लावा. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिमी, पिस्टन ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) लागला तर बोअर जाईल ७०.५० च्या आसपास. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो हातात देऊनच बोअरिंग (सिलिंडर आतून कातून मोठा करणं) करून घ्या, उलटं केलंत की फसलात! मी एकदा केलंय, सिलिंडर पुन्हा न्यावा लागला.

बोअरिंग-होनिंग (कातल्यावर आतून घासून घेणं), वॉल्व्ह गाईड (वॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी), सीट कटिंग (वॉल्व्ह बसायची जागा कातणं), सगळ्याचे दर सुटे सुटे लिहून मागा, "सगळं मिळून बघू" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. नाना पेठेत स्पेअर घेतानाच दोन-तीन लेथवाल्यांची नावं मिळतात. खर्चाचा खरा खड्डा क्रँकमध्ये (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्यात) असतो. पिस्टन आणि क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा, बाजूला थोडा हलला तर चालतं, पण वर-खाली खटखट आली तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) गेलं, म्हणजे क्रँक प्रेसवर खोलणं आलं, रॉड किट आलं, परत अलाइन करणं आलं, आणि बोअरिंगचा खर्च त्यापुढे चिल्लर वाटतो.