उबुंटू अपग्रेडनंतर जुना टॅबलेट आणि स्कॅनर घरच्या सर्व्हरला जोडत नाहीत. ओपनएसएसएलची जुनी आवृत्ती परत टाकू का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या घरातला नेक्स्टक्लाउडचा (फाइल, फोटो स्वतःकडे ठेवायच्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर उबुंटू 18.04 वरून 20.04 मार्गे 22.04 वर नेलात. मोबाईल, लॅपटॉप व्यवस्थित चालतात, पण वडिलांचा जुना अँड्रॉइड टॅबलेट आणि स्कॅनर ‘सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही’ म्हणतात, आणि ओळखीच्या एकानं ओपनएसएसएलची, म्हणजे जोडण्या सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, जुनी आवृत्ती टाकायचा सल्ला दिलाय.

तसं कृपा करून करू नका. ओपनएसएसएल 1.1.1 ची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर 2023 मध्ये थांबली. शिवाय 22.04 मधलं जवळजवळ सगळं ओपनएसएसएल 3.0 वर उभं आहे. ते ओढून काढलंत तर लांबून सर्व्हरवर शिरायची सोय, एसएसएच, तीसुद्धा बंद पडेल, मग लांबून सर्व्हर हाती लागायचा नाही.

तुमचा सर्व्हर बिघडलेला नाही. उबुंटूनं 20.04 पासूनच टीएलएस, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या नियमांच्या, 1.0 आणि 1.1 या जुन्या आवृत्त्या मुळातून बंद ठेवल्यात. अँड्रॉइड 4.4 पर्यंतची बहुतेक ॲप मात्र टीएलएस 1.0 वरच बोलतात, टीएलएस 1.2 आपोआप चालू झालं ते अँड्रॉइड 5.0 पासून. टॅबलेटची आवृत्ती सेटिंगमध्ये आधी बघा.

पण अंदाजावर काही बदलू नका, नकार कोण देतंय ते लॉगमध्ये वाचा. इथेच बरेच जण अडकतात, कारण एनजिनएक्स (नेक्स्टक्लाउडच्या पुढे उभा राहून जोडण्या घेणारा वेब सर्व्हर) अशा फसलेल्या जोडण्या ‘इन्फो’ पातळीवर नोंदवतो आणि एरर लॉग नेहमी ‘एरर’ पातळीवर असतो. म्हणून तो कोराच दिसतो. पातळी ‘इन्फो’ करा, एनजिनएक्स रीलोड करा, टॅबलेटवरून एकदा उघडून बघा. ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’ आलं तर नकार सर्व्हरचा. ‘सर्टिफिकेट अननोन’ किंवा ‘अननोन सीए’ आलं तर नकार टॅबलेटचा, त्याला तुमच्या प्रमाणपत्राची, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची, ओळख पटलेली नाही.

सर्व्हरवरूनच एस-क्लायंटनं (ओपनएसएसएलच्या जोडणी तपासायच्या कमांडनं) टीएलएस 1.0 तपासायला गेलात तर फसाल. तो क्लायंटही तेच नवे नियम पाळतो, त्यामुळे नकार कुठून आला ते कळत नाही. तेवढ्या एका कमांडपुरती ओपनएसएसएलची सुरक्षा-पातळी (किती जुने नियम चालवून घ्यायचे ते ठरवणारा आकडा) 0 द्या, मगच निकाल खरा.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं आणि टॅबलेट अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीचा असेल, तर त्यांचं मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स1, त्यात हातानं टाका. अँड्रॉइड 6 पर्यंतची बहुतेक ॲप वापरकर्त्यानं टाकलेलं मूळ प्रमाणपत्र मानतात. आणि तारीख बघा! पावसात आपल्याकडे वीज जाते, टॅबलेटची बॅटरी पूर्ण उतरते आणि घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. मग चांगलं प्रमाणपत्रही ‘अजून लागू नाही’ ठरतं. मी बेळगावात ओळखीच्यांचे असे सर्व्हर बघतो, तेव्हा सगळ्यात आधी दोन्हीकडची तारीख विचारतो.

लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’च असेल, तर सगळ्या सर्व्हरची सुरक्षा-पातळी 0 वर आणायचा उपाय तुम्हाला पहिला सापडेल. त्यानं टॅबलेट चालेल, पण इंटरनेटला उघडं असलेलं दारही तेवढंच कमकुवत होईल. त्या सर्व्हरवर तुमच्या शेताचे उतारे आहेत, आजोबांच्या वेळचे मोडीतले कागद आहेत. एका टॅबलेटसाठी हा व्यवहार मला अजिबात पटत नाही.

स्कॅनरला नेक्स्टक्लाउडपर्यंत जाऊच देऊ नका. घरच्या नेटवर्कपुरतं ऐकणारं साधं एफटीपी (फाइल पाठवायची जुनी, टीएलएस न लागणारी पद्धत) लावा, त्याला एकच फोल्डर द्या, राऊटरवर त्याचा पोर्ट उघडू नका. स्कॅन तिथं पडेल आणि दर पाच मिनिटांनी क्रॉननं (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीनं) नेक्स्टक्लाउडच्या फोल्डरात हलवा. हलवल्यावर नेक्स्टक्लाउडची फाइल-स्कॅनची कमांड चालवायची, नाहीतर फाइल डिस्कवर असून यादीत दिसत नाही.

टॅबलेट अँड्रॉइड 4.4 चा असेल आणि त्यात फायरफॉक्स आधीपासून असेल, तर त्यातून फोटो उघडून बघा. तो स्वतःचं टीएलएस आणि स्वतःची प्रमाणपत्रं वापरतो. त्यावर बँकेचं काही मात्र नको. एवढं करूनही अडलं तर लॉगची ती ओळ जशीच्या तशी इथं लिहा, डोमेनचं नाव तेवढं झाकून.