अमेरिकेतलं मेनस्ट्रीम आर अँड बी आणि हिप-हॉप खरंच घसरलंय, की आपलंच वय झालंय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नव्वदीतलं आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, कृष्णवर्णीयांचं सुरेल गाणं)-हिप-हॉप (रॅपचं संगीत) आणि आताचं यात एवढा फरक का वाटतो, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बिलबोर्डच्या (अमेरिकेतली गाण्यांची क्रमवारी) टॉप ४० मध्ये एकही रॅप गाणं उरलं नव्हतं, हा घसरणीचा पुरावा धरायचा का. दुसरं आधी उरकून टाकतो कारण ते सोपंय. नाही, मी तरी नाही धरणार.

बातमी खरी आहे, १९९० नंतर पहिल्यांदाच असं झालं. पण त्या दिवसांत वर काय चाललं होतं बघा ना, टेलर स्विफ्टचा नवा अल्बम आला आणि त्यातली बाराच्या बारा गाणी पहिल्या बारा नंबरांवर जाऊन बसली, के-पॉपवाल्या अ‍ॅनिमेशन सिनेमाची गाणी तर आधीपासूनच ठाण मांडून होती, आणि वर बिलबोर्डने नियम बदलला की जुनं गाणं खाली उतरायला लागलं की लवकर यादीतून काढायचं. त्या नियमात रॅपर केंड्रिक लमार आणि गायिका सिझाचं 'लूथर' बाहेर गेलं, आणि तेच रॅपचं शेवटचं शिल्लक होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचा, हाफटाइम शो केला कोणी? केंड्रिकनेच. २०१७ मध्ये नील्सन या पाहणी कंपनीच्या आकड्यांत आर अँड बी-हिप-हॉप पहिल्यांदा रॉकच्या पुढे गेलं होतं, अमेरिकेत सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं संगीत म्हणून. एवढी मोठी गोष्ट आठ वर्षांत मरत नसते. थोडी ओहोटी आहे हे मान्य, २०२३ मध्ये अर्धं वर्ष उलटलं तरी एक रॅप अल्बम नंबर वन नव्हता, जुलैमध्ये लिल उझी व्हर्टचा आला तेव्हा कुठे खातं उघडलं, आणि नंबर वन गाण्यासाठी सप्टेंबरमध्ये डोजा कॅटची वाट बघावी लागली. पण ही झाली खपाची गोष्ट. दर्जाचं भांडण वेगळंय आणि मला वाटतं तुम्हाला तेच विचारायचंय.

त्यात पडायच्या आधी एक सांगतो, ही तक्रार फार जुनी आहे. नेल्सन जॉर्ज नावाच्या समीक्षकाने आर अँड बी मेलं असं सांगणारं अख्खं पुस्तक लिहिलं, 'द डेथ ऑफ रिदम अँड ब्लूज', कधी तर १९८८ ला! म्हणजे बॉइज टू मेन, मेरी जे. ब्लाइज, टीएलसी, डी'अँजेलो यांच्यातला एकाचाही पहिला अल्बम यायचा होता. आपण ज्याला सोन्याचा काळ म्हणतो तो त्याच्या मयतानंतरचा. मग २००६ मध्ये रॅपर नासने अल्बमचं नावच 'हिप हॉप इज डेड' ठेवलं. शिव्या आणि बायकांबद्दलच्या घाण भाषेची बोंब म्हणाल तर १९९० मध्ये फ्लोरिडातल्या कोर्टाने टू लाइव्ह क्रू या रॅप ग्रुपचा अल्बम अश्लील ठरवला होता (दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला). आणि नव्वदीत सगळं भारीच यायचं हाही गैरसमजच. हॉट १०० वर (बिलबोर्डची गाण्यांची मुख्य यादी) नंबर वन झालेलं पहिलं रॅप गाणं कुठलं? व्हॅनिला आइसचं 'आइस आइस बेबी'. बोला आता. तीस वर्षांत कचरा आपोआप गळून गेला आणि आपल्या प्लेलिस्टमध्ये निवडक तेवढं राहिलं, आजचा कचरा मात्र रोज ताजा ताजा कानावर पडतो, त्यामुळे तुलनाच वाकडी होते.

एवढं सगळं बोलूनही माझं मत असंय की घसरण झालीय. मुलांमधलं टॅलेंट आहे तसंच आहे, पण ते टॅलेंट घडवून मेनस्ट्रीमपर्यंत आणायची जी व्यवस्था होती ती मोडली, आणि काही गोष्टी त्या व्यवस्थेशिवाय होतच नाहीत.

सगळ्यात आधी गेलं ते ग्रुपमध्ये गाणं. बॉइज टू मेनचं 'इट्स सो हार्ड टू से गुडबाय टू यस्टरडे' काढा आणि हेडफोन लावून ऐका. १९९१ चं आहे, गाणं मूळचं सत्तरीतलं पण यांनी ते वाद्यांशिवाय गायलंय. ड्रम नाही, कीबोर्ड नाही, फक्त चार पोरांचे आवाज. खाली मायकल मॅकॅरीचा खर्ज जमिनीसारखा पसरलेला, वर बाकीचे तिघे एकमेकांना जागा देत देत चाललेत, एक जण शब्द लांबवतो तेव्हा बाकीचे त्याच्यासाठी सूर धरून थांबतात आणि मग चौघं मिळून पुढे सरकतात. त्यांचे श्वास पण ऐकू येतात. आणि हे गाणं हॉट १०० वर नंबर दोनपर्यंत गेलं होतं! एकाही वाद्याशिवाय! आज असलं काही कुठल्या कंपनीत घेऊन जा, बघा काय म्हणतात ते.

ही पोरं फिलाडेल्फियाच्या सरकारी कला शाळेत भेटलेली, त्या काळातले इतर बरेच गायक चर्चमध्ये तयार झालेले. आपल्याकडे भजनी मंडळात आजोबांच्या शेजारी टाळ घेऊन बसलेलं पोर न शिकवता लयीला पक्कं होतं ना, तसंच तिकडे ब्लॅक चर्चच्या क्वायरमध्ये. चर्च आजही आहेत, पोरं आजही गातायत, पण चार जणांचा ग्रुप म्हणजे पैशाच्या चार वाटण्या, चार तिकिटं, चार हॉटेलच्या खोल्या. १९९९ ला इंटरनेटवर फुकट गाणी वाटून घेता येणारं नॅपस्टर आलं, सीडीचा धंदा बसला, आणि कंपन्यांनी पहिली कात्री इथे लावली. एक रॅपर घ्या, हुक (कानात बसणारी ओळ) गायला एक गायिका घ्या, झालं गाणं. जोडेसी, एसडब्ल्यूव्ही, एन व्होग ही जी रांग लागली होती ना ग्रुप्सची ती तिथेच संपली.

लोकं ऑटो-ट्यूनला, म्हणजे आवाजाचा सूर सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या घालतात, मला ते फारसं पटत नाही. सॉफ्टवेअर १९९७ ला आलं, पुढच्या वर्षी गायिका शेरच्या 'बिलीव्ह'मध्ये सगळ्यांनी ऐकलं, २००५ पासून गायक टी-पेनने त्याचं वाद्यच करून टाकलं. आणि याच टी-पेनने २०१४ मध्ये एनपीआर रेडिओच्या टायनी डेस्क या छोट्या मैफलीत ऑटो-ट्यूनशिवाय गाऊन दाखवलं, यूट्यूबवर आहे, बघा, लोकांची तोंडं बंद झाली. आपला पुण्याचा एमसी स्टॅन पण ऑटो-ट्यूनमध्येच बोलतो आणि ताडीवाला रोडची त्याची भाषा त्यातून काही पुसली जात नाही. यंत्र वापरणाऱ्याच्या हातात काय आहे त्यावर आहे सगळं.

खरं नुकसान माझ्या मते दोन कागदांनी केलं, एक कोर्टाचा आणि एक सरकारचा.

कोर्टाचा आधी सांगतो कारण किस्सा मजेशीर आहे. १९९० मध्येही टॉप ४० मध्ये असाच रॅपचा दुष्काळ होता, तो ज्या गाण्याने संपवला ते होतं बिझ मार्कीचं 'जस्ट अ फ्रेंड', बेसूर गाणारा, गोड माणूस. त्याच बिझ मार्कीने पुढच्या वर्षी गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा (याला सॅम्पल म्हणतात) परवानगी न घेता वापरला आणि कोर्टात हरला. जजने निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेने केली. अल्बम दुकानांतून काढायला लागला. त्याच्या पुढच्या अल्बमचं नाव त्याने ठेवलं 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!', म्हणजे घ्या, सगळ्या परवानग्या काढल्यात बाबांनो. हसायला येतं, पण परिणाम गंभीर झाला. १९८८ चा पब्लिक एनिमीचा अल्बम किंवा १९८९ चा बीस्टी बॉइजचा 'पॉल्स बुटीक' ऐका, एकेका गाण्यात कितीतरी जुन्या रेकॉर्डचे तुकडे एकावर एक रचलेत. या निकालानंतर प्रत्येक तुकड्याचे पैसे मोजायचे म्हटल्यावर असं रचणं परवडेनासंच झालं. मग ज्याच्याकडे पैसा त्याने एकच मोठं प्रसिद्ध गाणं उचलायचं आणि त्यावर रॅप करायचं, १९९७ ला पफ डॅडीने द पोलिस या बँडच्या 'एव्हरी ब्रेथ यू टेक'वर केलं तसं, अकरा आठवडे नंबर वन राहिलं ते. आजची निम्मी गाणी कुठल्यातरी जुन्या हिटची चाल घेऊन येतात तो खेळ तिथूनच मोठा झाला. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की याच अडचणीतून टिंबालँड आणि नेपच्यून्ससारखी गाणी बनवणारी निर्माते माणसं पुढे आली, सॅम्पल नको तर नको, स्वतःचेच विचित्र आवाज बनवू म्हणाली, आणि २००० च्या आसपासचं मेनस्ट्रीम त्यांनी खाऊन टाकलं. त्यामुळे हा दरवाजा बंद झाला तरी खिडकी होती.

सरकारच्या कागदाने खिडक्या पण बंद केल्या. १९९६ चा टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट. त्याआधी एका कंपनीला देशभरात ४० च्या वर रेडिओ स्टेशनं ठेवता येत नव्हती, या कायद्याने ती मर्यादाच काढून टाकली आणि काही वर्षांत क्लिअर चॅनल नावाच्या एका कंपनीकडे १२०० च्या वर स्टेशनं जमा झाली. आता अमेरिकेतलं अर्बन रेडिओ म्हणजे काय होतं, तर शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांचं स्टेशन, तिथला डीजे त्याच गावचा, अटलांटाचा डीजे अटलांटाच्या पोराची रेकॉर्ड हातात घेऊन लावणार, ह्यूस्टनचा ह्यूस्टनची, लोकांनी फोन केले तर पुन्हा लावणार. तिथे चाललं तर न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या कंपन्यांचे कान टवकारणार. यादी हेड ऑफिसमधून यायला लागल्यावर ही सगळी मधली पायरीच गेली. त्याच त्याच गाण्यांचं दळण दिवसभर. मेनस्ट्रीम एकसुरी वाटायला लागलं असं लोक म्हणतात ना, मी तारीख इथे टाकीन.

स्ट्रीमिंगबद्दल सगळे एवढं लिहितात की मी थोडक्यात आटोपतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक प्ले धरला जातो, मग गाण्याला सुरुवातीची छेडछाड नको, मध्ये ब्रिज (वेगळ्या चालीचा तुकडा) नको, डायरेक्ट हुक. आणि अल्बममध्ये जितकी गाणी जास्त तितके प्ले जास्त, २०१७ मध्ये ख्रिस ब्राउनने ४५ गाण्यांचा अल्बम काढला, पंचेचाळीस! सगळा ऐकलेला माणूस मला अजून भेटायचाय. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट आला तेव्हा चिखल-धूळ खाऊन घसा बसवून घरी आलेला, त्याला मी बॉइज टू मेन ऐकवलं तर म्हणाला, "मामा, हे लिफ्टमध्ये लावतात तसलंय." मग मी त्याला विचारलं ट्रॅव्हिसचं कुठलं गाणं म्हणून दाखवतोस का, तर म्हणे म्हणायचं नसतं ते, उड्या मारायच्या असतात. आता यावर काय बोलणार, आणि खरं सांगायचं तर त्याचं चूकही नाही, ते संगीत त्यासाठीच बनवलेलंय आणि त्या कामाला ते फर्स्ट क्लास आहे. त्यातला बेस काय मिक्स केलेला असतो, नव्वदीत कोणाच्या बापाला जमला नसता.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. ज्या महिन्यात ती टॉप ४० ची बातमी आली त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, गायक डी'अँजेलो गेला, ५१ वर्षांचा. त्याचा २००० सालचा 'वूडू' ऐकला नसेल तर माझं बाकी उत्तर सोडा आणि तो ऐका. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, जिमी हेंड्रिक्सने बांधलेल्या, काही वर्षं ही मंडळी नुसती बसून जुन्या रेकॉर्ड ऐकत आणि वाजवत होती. क्वेस्टलव्ह ड्रमवर, पिनो पॅलाडिनो बेसवर, रॉय हारग्रोव्ह ट्रंपेटवर. त्यात ठेका मुद्दाम मागे ओढलेला आहे. म्हणजे पाय जिथे पडायला हवा तिथे तो पडतच नाही, किंचित उशिरा पडतो, बेस अजून उशिरा, आणि गाणारा तर त्याच्याही मागून आळोखेपिळोखे देत येतो, पहिल्यांदा ऐकताना वाटतं हे आता सांडणार, पण सांडत नाही. ही तऱ्हा त्यांनी जे डिलाकडून उचलली, तो मशीनवर बीट बनवायचा पण मशीनला बीट सरळ करू द्यायचा नाही. क्वेस्टलव्हसारख्या पक्क्या ड्रमरला मुद्दाम असं लंगडं वाजवायला शिकावं लागलं.

आणि हा असला आळसावलेला, सहा-सहा, सात-सात मिनिटांच्या गाण्यांचा अल्बम बिलबोर्डवर थेट नंबर वन आला होता. माझा सगळा मुद्दा एवढ्यातच आहे. असं संगीत आजही बनतं. सिझाचा 'एसओएस' घ्या, तो तर दहाहून जास्त आठवडे नंबर वन होता आणि त्यातलं लिखाण नव्वदीतल्या बहुतेक गाण्यांपेक्षा जास्त खरं आहे, शब्दांच्या बाबतीत मी डोळे झाकून आजच्या बायकांच्या बाजूने आहे. पण पाच-सहा वादक, महागडा स्टुडिओ, काही वर्षं वेळ, आणि त्याचे पैसे कंपनी भरणार, आणि मग रेडिओ ते लावणार, ही साखळी आता मेनस्ट्रीममध्ये नाही. त्या तऱ्हेचं वाजवणारी पोरं आहेत, छोट्या हॉलमध्ये, टायनी डेस्कवर, बँडकॅम्प या गाण्यांच्या वेबसाइटवर, शोधायला लागतात. पूर्वी ती न शोधता एमटीव्हीवर डोंबिवलीच्या घरात येऊन पोचायची.

तेव्हा वय झालंय का, तर झालंय, माझं तरी. पण 'वूडू' नंबर वन होता ही काही माझी आठवण नाही, छापील चार्ट आहे. कोणाला पटत नसेल तर त्याने २००० च्या जानेवारी-फेब्रुवारीचे आणि गेल्या वर्षीचे चार्ट शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येक गाण्यात खरोखर किती माणसं एकत्र वाजवतायत किंवा गातायत तेवढंच मोजावं. व्हॅनिला आइससारखी गाणी दोन्हीकडे तेवढीच सापडतील, त्याची काळजी नको.