ईस्टरच्या दिवसांत तरुण संघाची सेवा करणाऱ्याच्या मनात काय चाललेले असते?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. आपल्या इमारतीतला एक ख्रिस्ती तरुण मार्च-एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी चर्चच्या कामात गुंतलेला दिसतो, म्हणून तरुणांमध्ये सेवा करणाऱ्या माणसाचे हे दिवस कसे जातात आणि त्याच्या मनात काय असते, असे आपण विचारले आहे. गुड फ्रायडेला त्याला शुभेच्छा द्याव्यात की नाही, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी सोलापुरातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचे काम पाहतो. मी दीक्षित पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. पाळकसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली कॉलेजात जाणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींबरोबर पवित्र शास्त्राचा (बायबलचा) अभ्यास करणे, गायनाची तयारी करून घेणे आणि त्यांच्या घरी जाऊन भेटणे ही माझी सेवा आहे. या काळात माझ्या मनात सर्वांत अधिक वेळ असतात ती अशी मुले, जी प्रत्येक कामात पुढे असतात, पण वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला हे ज्यांच्या मनाला पटत नाही.

आपण ख्रिस्ती नाही असे आपण लिहिले आहे, म्हणून आधी थोडी माहिती देतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण ईस्टर, अशी ढोबळ रीत आहे. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता आणि २०२५ मध्ये २० एप्रिलला. त्याआधी राखेच्या बुधवारपासून, रविवार सोडून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, ज्याला आम्ही बोलताना लेंटच म्हणतो. आमच्या शहरात हे दिवस उन्हाचे आणि परीक्षांचे असतात. बोर्डाची परीक्षा संपते न संपते तोच सीईटीची तयारी सुरू होते, त्यामुळे संध्याकाळच्या प्रार्थनेला आलेल्या मुलांच्या पिशव्यांत शास्त्राबरोबर रसायनशास्त्राचे पुस्तकही असते. त्यांनी ते बाहेर ठेवून यावे असे मला कधी वाटलेले नाही. ज्या गोष्टीची त्यांना रात्रंदिवस चिंता आहे, ती प्रार्थनेच्या खोलीत यायलाच हवी.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार मुलांच्या आनंदाचा असतो आणि त्याच आठवड्यातल्या आज्ञा गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची शांत उपासना होते. त्यांविषयी अधिक लिहीत नाही, कारण तरुण संघाचा खरा दिवस शुक्रवारचा, गुड फ्रायडेचा आहे. येशू वधस्तंभावर असताना दुपारी बारा ते तीन अंधार पडला असे शुभवर्तमानात (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची येशूची चार चरित्रे बायबलमध्ये आहेत, त्यांना शुभवर्तमाने म्हणतात) लिहिले आहे, म्हणून आमची उपासनाही त्याच वेळेत असते. या तीन तासांत येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि मध्ये पेटी-तबल्यावर गीते होतात. त्यांतली कित्येक रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) असतात आणि ती भजनाच्या चालीवर म्हटली जातात, म्हणून बाहेरून येणाऱ्यालाही परकी वाटत नाहीत. आमच्याकडे सातांपैकी काही उद्गार तरुणांकडे देण्याची पद्धत आहे, आणि त्यांची तयारी करून घेणे हे मला वर्षातले सर्वांत मोलाचे काम वाटते.

अलीकडे एका वर्षी चौथा उद्गार एका मुलीकडे आला होता: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” तिचे वडील वर्षभरापूर्वी गेले होते आणि आई विड्या वळून घर चालवत होती. भाषण लिहून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, या प्रश्नाला देवाकडून उत्तर आलं नाही, असं मी सरळ सांगितलं तर चालेल का? आई म्हणते, शेवट आशेचा कर.” मी तिला मार्काचे शुभवर्तमान पुन्हा वाचायला सांगितले. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी होते, डोंगरावर रूपांतर होते तेव्हाही ढगातून वाणी होते, पण वधस्तंभापाशी, जिथे तिची सर्वांत अधिक गरज होती, तिथे कोणतीही वाणी झाल्याचे मार्क लिहीत नाही. हे वाक्य बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे आहे आणि ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळते, हेही मी तिला दाखवले आणि कुठे थांबायचे ते तिच्यावर सोपवले. शुक्रवारी ती त्या प्रश्नावरच थांबली. उपासना सुटल्यावर एक आजोबा, ज्यांची सगळी उमेद कापडगिरणीत गेली होती, तिच्याजवळ आले आणि म्हणाले, “गिरणीला टाळं लागलं ना पोरी, तेव्हा मी रोज रात्री हेच म्हणत होतो. चर्चमध्ये बोलायला मात्र भीत होतो.” सोलापुरात गिरण्या बंद पडल्यावर किती घरांची घडी विस्कटली हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. देवाच्या घरात देवालाच हा प्रश्न विचारता येतो, आणि येशूने स्वतःही तो विचारला आहे, हे त्या दिवशी जितक्या जणांपर्यंत पोचले तितके माझ्या वर्षभराच्या वर्गांतून पोचले नसते.

पाचव्या उद्गाराविषयीही दोन वाक्ये लिहितो. तो आहे “मला तहान लागली आहे.” नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात, एप्रिलच्या दुपारी, उपाशी बसलेल्या मंडळीला हा उद्गार समजावून सांगण्याची गरज नसते, आणि त्यावर बोलणाऱ्याने थोडक्यात बोलावे असा माझा आग्रह असतो.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दफनभूमीत जातो. वाळलेले गवत आणि काटे काढायचे, थडग्यांना चुना द्यायचा, पुसट झालेली नावे काळ्या रंगाने पुन्हा लिहायची, हे सगळे तरुण संघाचे काम असते. पुण्याला नोकरीला असलेली मुले एव्हाना घरी आलेली असतात, त्यामुळे हात भरपूर असतात. याच कामात एकदा एका मुलाने, जो पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आपल्या आजोबांच्या नावावर ब्रश फिरवता फिरवता मान वर न करता मला विचारले, “दादा, खरं सांगा, हे लोक उठणार आहेत असं तुम्हाला वाटतं?”

मी हो म्हणालो, आणि का ते सांगितले. तेच आपल्यालाही सांगतो, कारण श्रद्धा असणाऱ्याने आपली कारणे झाकून ठेवू नयेत असे मला वाटते. रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली असे चारही शुभवर्तमाने सांगतात. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, तेव्हा कोणी गोष्ट रचली असती तर असे साक्षीदार निवडले नसते. त्या स्त्रियांचे म्हणणे खुद्द प्रेषितांनाही, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनाही, आधी खरे वाटले नाही, असे लूक लिहितो. येशूच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आत आरंभीच्या मंडळ्यांचा पुढारी पौल याने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. उठलेला येशू एका वेळी पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे त्यात तो सांगतो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याला जाऊन विचारता येत होते. या कारणांनी माझ्या श्रद्धेला आधार मिळतो. त्या मुलाने सगळे नीट ऐकले, आजोबांच्या नावाचे शेवटचे अक्षर पुरे केले आणि म्हणाला, “मला नाही वाटत, दादा.” दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उपासनेसाठी दफनभूमीत दिवे लावायला आणि पेटी उचलून आणायला सर्वांत आधी तोच हजर होता.

या मुलाचे काय करायचे, हा माझ्यापुढचा ईस्टरचा खरा प्रश्न आहे. आमच्यातली काही वडीलधारी माणसे म्हणतात की ज्याचा विश्वास नाही त्याच्याकडे कामे देऊ नयेत. त्यांची कळकळ मी समजू शकतो, पण मला ते म्हणणे पटत नाही, आणि त्याचे कारण शास्त्रातच आहे. पुनरुत्थानाच्या रविवारी संध्याकाळी येशू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा नावाचा शिष्य तिथे नव्हता. आपण प्रभूला पाहिले आहे असे इतरांनी त्याला सांगितले आणि त्याने साफ सांगितले की खिळ्यांचे व्रण पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. त्यानंतर येशू पुन्हा आला तो आठ दिवसांनी, आणि योहान लिहितो की त्या वेळी थोमा त्यांच्याबरोबर होता. मधल्या दिवसांत काय झाले याबद्दल एक ओळही नाही. त्या घरात एका बाजूला डोळ्यांनी पाहिलेली माणसे होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे म्हणणे नाकारणारा एकटा माणूस. तरी त्यांनी त्याला घालवून दिले नाही आणि तोही उठून गेला नाही. दाराला आतून कडी होती आणि थोमा आत होता. तो बाहेर असता तर दुसऱ्या रविवारी त्याला काहीच पाहायला मिळाले नसते. मत्तयही, गालीलातल्या डोंगरावर शिष्यांनी येशूला नमन केले असे सांगताना, काहींना संशय वाटला हे लिहून ठेवतो आणि त्यांना वेगळे काढत नाही.

म्हणून पहाटेच्या उपासनेत “ख्रिस्त उठला आहे!” असे पाळकसाहेब म्हणतात आणि सगळी मंडळी “खरोखर उठला आहे!” असे उत्तर देते, तेव्हा मी पूर्ण मनाने त्यात सामील असतो, पण त्याच वेळी ओठ न हलवणारी मुलेही मला दिसत असतात, आणि त्यांच्यासाठी पुढच्या आठ दिवसांत काय करायचे याचा विचार सुरू झालेला असतो. सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याची मुले परत जातात. त्या आठवड्यात मी त्यांना फोन करतो, इथे राहिलेल्यांच्या घरी जातो, आणि पुनरुत्थानाचा विषय त्यांनी काढला तरच बोलतो. नोकरी, परीक्षा, आईचे दुखणे, लग्नाची बोलणी यांवर आम्ही बोलतो आणि शेवटी प्रार्थना करतो. ईस्टरनंतरच्या रविवारी मंडळी नेहमीपेक्षा कमी असते, त्या दिवशी तरुण संघाच्या वर्गात मी थोमाचाच भाग घेतो, आणि सर्वांत चांगले प्रश्न त्याच दिवशी येतात. “नाही वाटत” म्हणणारा तो मुलगा अजून तसेच म्हणतो, आणि सुट्टीला सोलापुरात आला की वर्गाला येतो. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो आणि हे त्याला माहीत आहे.

आता शुभेच्छांविषयी. गुड फ्रायडे हा येशूच्या मरणाचा दिवस आहे, म्हणून त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत. आपल्या शेजाऱ्याला आज उपासना किती वाजता आहे एवढे विचारले तरी त्याला बरे वाटेल. उपासनेला यायचे असेल तर जरूर या. मागच्या बाकावर बसा आणि तीन तास थांबता आले नाही तर गीत सुरू असताना निघा. कोणाला त्याचे वाईट वाटणार नाही. ईस्टरच्या शुभेच्छा मात्र मोकळेपणाने द्या, आणि रविवारी भेट झाली नाही तरी हरकत नाही, कारण ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो. तोवर त्याची धावपळही संपलेली असेल, तेव्हा आपला पहिला प्रश्न सवडीने त्यालाच विचारता येईल.