मांजरं आणली आणि चुकलंच

"एक विचारू? हसणार नाही ना?" अशी सुरुवात झाली की पुढे सासू, नवरा किंवा मुलाचा मोबाइल निघतो, असा समुपदेशक म्हणून माझा इतक्या वर्षांचा अनुभव. अलीकडे अधूनमधून मांजर निघतं. हौसेने आणलं, आता झोप नाही, घराला वास येतो, दोन दिवस कुठे जाता येत नाही. ते पायात घुटमळलं तरी डोकं फिरतं. मग त्या चिडण्याची लाज वाटते, आणि शेवटी आवाज खाली आणून विचारलं जातं, "माझ्यात मायाच नाही का हो?"

त्यांच्यासाठी सुलभाताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मांजरांची नावंही बदललीत, कारण त्यांच्या बिल्डिंगमध्ये ताईंपेक्षा मांजरांना ओळखणारे जास्त.

सुलभाताई निवृत्त शिक्षिका, वय 62, डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगी बंगळूरला. आई एकटी पडते म्हणून ती कुत्रा आणायचा म्हणत होती. ताईंचे गुडघे दुखतात, फिरवणार कोण? तेव्हा ताईच म्हणाल्या, "मांजर चालेल. मांजर काय, आपलं आपण राहतं." मुलीने ओळखीच्यांच्या जिन्यात झालेली दोन पिल्लं आणली. बोका बंड्या, आणि दुधाच्या सायीच्या रंगाची म्हणून साय.

माझ्याकडे आल्या तेव्हा पिल्लं सव्वा वर्षाची झाली होती. ताई खुर्चीत बसल्या, पर्समधून वहीचा कागद काढला आणि हजेरी घ्यावी तशा वाचू लागल्या. पहाटे साडेचारला बंड्या छातीवर बसतो. साय महिन्यातून दोनदा रात्र-रात्र रडते, खालच्या मजल्यावरचे बोलतात. गादीवर दोनदा शू. सोफ्यावर, साडीवर केस. दूधभात दिला की जुलाब. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर नरसोबाच्या वाडीला जायचं होतं, नाही म्हणाले. बहीण चिपळूणला आजारी, जाता आलं नाही. एकूण अकरा मुद्दे. बाराव्याला थांबल्या. "आणि फॅमिली ग्रुपवर मी रोज त्यांचे फोटो टाकते. खाली बदाम. मुलगी म्हणते, आई, किती छान सोबत झाली! मी म्हणते, हो ना."

इथे मी चूक केली. आमच्या धंद्यात खोल अर्थ शोधायची खोड असते. नवरा गेलेली बाई, रिकामं घर, मांजरांवर राग. मला वाटलं, चित्र स्पष्ट आहे. मी म्हटलं, "ताई, आपण आधी यजमानांबद्दल बोलूया का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेली नजर. "ते बोलू सावकाश. आधी मला रात्री झोप कशी लागेल ते सांगा."

बरोबर होतं त्यांचं. भूक, कामाचा उरक, जगणं नकोसं वाटतं का, हे मी विचारून घेतलंच. ते विचारल्याशिवाय मी कुणालाच सोडत नाही. तसं काही नव्हतं. होती ती आठ महिन्यांची तुटलेली झोप. मग मी त्यांच्याच कागदावर पेन्सिलने खुणा केल्या. प्रत्येक मुद्द्यापुढे एकच प्रश्न: एवढं एक थांबलं तर बाकीचं चालेल का? दोन मुद्दे थांबले तर बरंचसं चालेल, असं त्याच म्हणाल्या. पहाटेचे साडेचार आणि सायीचं रडणं.

मधेच त्यांनी एक सांगितलं, त्यात मला सगळ्या पश्चात्तापाचं मूळ दिसलं. त्यांचं माहेर कोकणात. घरी मांजर कायम असायचं, मनीच म्हणायचे, मग ती कुठल्याही पिढीची असो. ती पडवीत निजायची, थंडीत वैलाजवळ, माळ्यावर व्यायची. पानातलं उरलेलं कुणीतरी पुढ्यात टाकायचं, बाकी पोट ती उंदरांवर भरायची. शू कुठे करते, रात्री कुठे असते, हे कुणाला माहीतही नव्हतं. पंधरा दिवस दिसली नाही तरी घर अडत नसे. "आपलं आपण राहतं" हे वाक्य त्या मांजराबद्दलचं आहे. ताईंनी होकार दिला तो त्या मनीला, आणि घरात आली फ्लॅटमधली मांजरं. यांची शिकार, यांची माती, यांचं झाड, यांचा गोठा, सगळं ताईंनीच पुरवायचं, तेही साडेचारशे चौरस फुटांत. पडवीतली मनी मोकळी राहायची खरी, पण तिची बहुतेक पिल्लं जगत नसत, हेही ताईंना आठवलं. तेव्हा ते कुणी मोजलं नव्हतं.

मांजरांच्या बाबतीत मी डॉक्टर नाही, म्हणून पहिलं काम दोघांना पशुवैद्याकडे पाठवणं. तिथे निम्मं कोडं सुटलं. बंड्याचं नसबंदीचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात झालं होतं, कारण तो भिंतींवर फवारे मारायला लागला होता. सायीचं राहून गेलं होतं. "बिचारीला कशाला कापायचं, ती कुठे बाहेर जाते," असं ताईंना वाटलेलं. पण बोका भेटला नाही तर भाटी हंगामात दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, आणि तो आवाज ज्याने रात्री ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. ती हट्ट करत नव्हती, लाडावलीही नव्हती. शरीर ओरडत होतं. ऑपरेशन झालं, काही दिवसांत रात्री शांत झाल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी चकल्या पाठवल्या म्हणे.

दूध बंद. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, बालपणीची चित्रं काही म्हणोत.

गादीवरच्या शूवर ताईंचा निष्कर्ष असा होता की बंड्या डूख धरतो, मी ओरडले की मुद्दाम करतो. डॉक्टरांनी आधी लघवी तपासली. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं: बोका वारंवार बसतोय, जोर करतोय आणि होत नाहीये, असं दिसलं तर उद्यावर टाकू नका. मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बंड्याला तसं काही निघालं नाही. शू-शीसाठी दोघांत एकच ट्रे होता, तोही वॉशिंग मशीनच्या शेजारी, आणि मशीन फिरायला लागलं की बंड्या पळायचा. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, असा साधा हिशेब डॉक्टर सांगतात. ताईंच्या घरात तीन ट्रे ठेवायला जागा नव्हती. दोन ठेवले, एक मशीनपासून लांब, दिवसातून दोनदा साफ. गादी पुन्हा भिजली नाही.

साडेचारचं मात्र माझ्या हद्दीत होतं, कारण तिथे बंड्यापेक्षा ताईंनी शिकण्याची गरज होती. मांजराला आपण निशाचर म्हणतो, पण त्याची खरी धावपळीची वेळ पहाट आणि तिन्हीसांजा. बाकी दिवसाचे बारा-सोळा तास ते झोपून काढतं. पहाटे बंड्या ओरडायचा, ताई उठून वाटीत खाणं घालायच्या, परत झोपायला जायच्या. एवढं एकदा दिलं म्हणजे गप्प बसेल, असं वाटून.

मी विचारलं, "वर्गात 'बाई, बाई' करून ओरडणाऱ्याला तुम्ही काय करायच्या?"

"हात वर केल्याशिवाय बघायचेच नाही."

"आणि कंटाळून एखाद्या दिवशी बघितलंत तर?"

"मग संपलं. पुढचा आठवडा तो वर्ग डोक्यावर—" आणि थांबल्या. "अगं बाई. मीच शिकवलं की त्याला."

मग वेळापत्रक त्यांनीच आखलं, शिक्षिकेला काय सांगायचं. रात्री साडेनऊला काठीला दोरी, दोरीला पीस. गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच पंधरा मिनिटं खेळवायचं. त्यानंतर दिवसाचं मोठं जेवण. मांजराचा क्रम ठरलेला असतो: शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. सकाळी उठल्या-उठल्या वाटीला हात लावायचा नाही. तोंड धुणं, चहा, पेपर, मग खाणं. ताईंचं उठणं आणि त्याचं जेवण यांची गाठ सोडवायची होती.

आधीच सांगून ठेवलं होतं की तो पहिल्यांदा जास्त ओरडेल. आजवर चाललेली युक्ती चालेना झाली की ती अधिक जोरात करून बघणं हे माणसाचंही होतं. लिफ्ट आली नाही तर आपण बटण एकदाच दाबतो का? चौथ्या पहाटे बंड्याने ओट्यावरचा तांब्या खाली ढकलला. सकाळी सातला मला फोन. "मॅडम, देऊ का थोडंसं?" मी नाही म्हटलं. आज दिलंत तर तांब्या पाडेपर्यंत ओरडायचं, एवढंच तो शिकेल. दहाव्या-अकराव्या दिवशी तो साडेसहापर्यंत झोपला. पुढे मुलीने ठरल्या वेळी आपोआप उघडणारा खाण्याचा डबा पाठवला, तेव्हापासून बंड्या पहाटे ताईंना सोडून त्या डब्यासमोर बसतो. "आता त्याचा राग यंत्रावर," ताई म्हणाल्या. हसल्या त्या पहिल्यांदा.

असं सगळं सुटत गेलं तर मग गोष्ट कसली? झोप आली, तरी पश्चात्ताप पुरता गेला नव्हता. एकदा ताई फार अस्वस्थ आल्या. शेजारणीने सल्ला दिला होता, पिशवीत घालून मासळी बाजाराजवळ सोडून या, तिथे मजेत जगतील. ताई रात्रभर त्याचा विचार करत होत्या, आणि तो विचार आपल्याला आला म्हणून स्वतःला शिव्या देत होत्या. लहानपणी आजीने सांगितलेलं आठवलं: मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान करावं लागतं. "मी मारत नाहीये, सोडतेय, तरी तेच ना?"

मी स्पष्ट सांगितलं. घरात वाढलेलं मांजर बाजारात मजेत जगत नाही. तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत, गाड्या आहेत, कुत्री आहेत. उपाशी मरेल अशा जागी प्राणी सोडून देणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. पण नीट शोधून, दोघांना एकत्र, चांगल्या घरी देणं यात गुन्हाही नाही आणि काशीचं दानही लागत नाही. कुणाला दमा असतो, कुणाचं घर बदलतं, कुणाला खरंच झेपत नाही. मी अशांना घर शोधायला मदत केली आहे आणि त्यांना वाईट माणूस म्हणण्याची माझी तयारी नाही.

मग आम्ही तारीख ठरवली. जून चालू होता. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत रोज "ठेवू की देऊ" हा खटला चालवायचा नाही. पाडव्याला विचारायचं, तेव्हाही द्यावंसं वाटलं तर मी घर शोधायला मदत करेन. आणि मुलीला खरं सांगायचं. यावर ताई म्हणाल्या, मांजराच्या गळ्यात घंटा बांधणं याहून सोपं. तरी सांगितलं. मुलगी आधी रडली, मग म्हणाली, "आई, मला फोटो बघून वाटायचं, तू मजेत आहेस, म्हणून मी फोन कमी केले." ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी जरा वेळ गप्प होतो. आता मुलगी दर महिन्याचा मांजरांचा खर्च देते, आणि रविवारी आईशी तासभर बोलते. मांजरांवर नाही.

एका भेटीत मी सहज विचारलं, "बंड्या नखं कुठे काढतो?" ताईंचा चेहरा एकदम बंद झाला. यजमानांची आरामखुर्ची. बाल्कनीच्या दाराशी होती तिथेच आहे. रेक्झिनच्या हातांवर बंड्याने ओरखडे काढलेत, आतला फोम दिसतो. त्या अकरा मुद्द्यांत खुर्ची नव्हती. मी यावेळी काही उकरलं नाही, पहिल्या दिवशीचा चष्मा लक्षात होता. एवढंच सांगितलं की नखं घासणं ही मांजराची गरज आहे, बंद करता येत नाही, जागा बदलता येते. ताईंनी जुन्या स्टुलाच्या पायांना काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली आणि ते खुर्चीच्या अगदी शेजारी ठेवलं. खुर्चीवर जाड चादर. बंड्या स्टुलावर गेला. चादर अजून काढलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये त्या चार रात्री चिपळूणला बहिणीकडे राहून आल्या. वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी सकाळ-संध्याकाळ खाणं घालून, ट्रे साफ करून जात होती. तिला रोजचे पैसे ठरवून दिले, उपकार नको म्हणून. परत आल्यावर साय दाराशी आली. बंड्याने ओळखही दाखवली नाही, पाठ करून बसला. "माझ्या ह्यांची सवय," ताई म्हणाल्या. "मी माहेराहून आले की असेच."

पाडव्यानंतर ठरल्याप्रमाणे विचारलं. त्या म्हणाल्या, "देत नाही. पण एक खरं सांगते, कुणी आज परत विचारलं, आणू का मांजर, तर मी नाहीच म्हणेन." मी मान डोलावली. ते वाक्य दुरुस्त करायची मला गरज वाटली नाही, त्यांनाही नाही.

निघताना डायरी काढून त्यांनी पुढच्या महिन्याची वेळ मागितली. मी म्हटलं, "आता तर सगळं मार्गी लागलं, ताई."

"मांजरांसाठी नाही येत," त्या चपला घालता घालता म्हणाल्या. "त्या खुर्चीचं काय करायचं ते बोलू."