सिंदफणेच्या काठावर मातीचा बांध घालावा का?

प्रश्न : अतिवृष्टीत सिंदफणेचे पाणी सोयाबीनमध्ये शिरले आणि काठाची जमीन खरवडून गेली. जेसीबीने काठावर मातीचा बांध घातल्यास पुढील वर्षी शेत वाचेल काय? (शिरूर कासार तालुक्यातील नदीकाठचे शेतकरी)

उत्तर : एकेकट्याने असा बांध घालू नये. सिंदफणा नदी बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील चिंचोलीच्या डोंगरात उगम पावते आणि बालाघाट डोंगररांगेचा उतार उतरून मंजरथजवळ गोदावरीला मिळते. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली बेसाल्टचा कातळ असल्यामुळे जोराचा पाऊस मुरण्याआधीच ओढ्यांतून धावतो, व काही तासांत पूर येतो. अशा वेगवान लोंढ्यासमोर न दाबलेली काळी माती टिकत नाही. टिकलीच, तर लोंढा समोरच्या काठावर किंवा खालच्या शेतकऱ्याच्या शेतात वळतो. शिवाय बांध फुटला की पाणी एकाच जागेवरून घुसते आणि नुकसान वाढते. माजलगावचे धरण बरेच खाली असल्याने वरच्या गावांना त्याचा आधार नाही.

पाणी अडवायचे ते डोंगरावर. माथ्याला सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले चर), ओघळींत अनगड (न घडवलेल्या दगडांचे) दगडी बांध, मोठ्या नाल्यांवर गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेले) बंधारे, असा क्रम वरून खाली धरावा. खालचे बंधारे आधी बांधले तर ते गाळानेच भरतात, हे अनेक गावांत दिसते. ही कामे रोजगार हमीतून घेता येतात, मात्र वरच्या गावांच्या ग्रामसभांना सोबत घ्यावे लागेल. नदीपात्रात मात्र जलसंपदा विभागाला व तहसील कार्यालयाला विचारल्याशिवाय कोणतेही खोदकाम करू नये.

खचलेला काठ उभा ठेवू नये. त्याला तिरका उतार द्यावा, पायथ्याशी दगड रचावेत, उतारावर वाळा व काठावर बांबू लावावा. पुराबरोबर आलेली वाळू व गोटे बाजूला काढावेत. बारीक गाळ पातळ असल्यास नांगरून जमिनीत मिसळावा.

सोयाबीनची मुळे पाण्याखाली गुदमरतात व त्यांवरील नत्र धरणाऱ्या गाठी निकामी होतात. म्हणून पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने (रुंद उंच वाफ्यावर पीक, दोन्ही बाजूंना पाणी निघायला सरी) करावी आणि शेताच्या सखल बाजूने नाल्यापर्यंत चर काढावा. हा चर शेजाऱ्याच्या बांधावर सोडला तर पावसाळाभर भांडण ठरलेलेच, म्हणून त्याची जागा दोघांनी मिळून उन्हाळ्यातच ठरवावी.