मालिका कुठल्या भागावर सुटते? एका जुन्या केबलवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आईनं चार वर्षं एक दिवस न चुकवता बघितलेली मालिका एका रात्रीत सोडली. कारण विचारलं तर "त्या दिवशीचा भाग बघितलास का तू?" एवढंच म्हणाली. एका भागावरून असं होतं का? आणि आमच्यापैकी कुणाची कुठली मालिका अशी सुटली?

होतं. आणि हे मी मालिका बघून सांगत नाहीये, मालिका पुरवून सांगतोय. साताऱ्यात वीसेक वर्षं मी केबलचा धंदा केला. मंगळवार पेठ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, खाली राजवाड्यापर्यंत माझी लाईन. टीआरपी मोजायची पेटी आमच्या पेठांत कुणाकडं असल्याचं मी कधी पाहिलं नाही. माझा टीआरपी म्हणजे कंट्रोल रूममधला लँडलाईन फोन. डोंगराच्या बाजूनं माकडं उतरून वायरीवर लोंबकळायची, अ‍ॅम्प्लिफायर जळायचा, कधी उसाच्या ट्रकनं वायर ओढून न्यायची. संध्याकाळी साडेसात ते साडेदहाच्या दरम्यान लाईन गेली, की मी घड्याळ बघायचो. पहिला फोन किती मिनिटांत येतो त्यावरून कुठली मालिका जोरात आहे ते कळायचं. "आवं, लाईन गेलीया का फकस्त आमच्याच टीव्हीत मुंग्या आल्यात?" हा फोन मिनिटभरात आला तर मालिका ठणठणीत. दहा मिनिटं कुणी काही विचारलं नाही, तर समजायचं की तिचे दिवस भरले.

त्या फोननं मला जे शिकवलं ते टीव्हीवर लिहिणाऱ्यांच्या मतापेक्षा वेगळं आहे. त्यांचं म्हणणं असतं की काहीतरी अचाट, न पटणारं दाखवलं की प्रेक्षक पळतो. अमेरिकेत 'हॅपी डेज' नावाची मालिका होती. १९७७ साली तिच्यात हिरोला पाण्यावरच्या स्कीवरून शार्क माशावरून उडी मारायला लावली. तेव्हापासून इंग्रजीत मालिका वाया गेली की तिनं 'शार्कवरून उडी मारली' असं म्हणतात. पण ही मालिका त्यानंतर १९८४ पर्यंत चालली की! आपल्याकडं 'ससुराल सिमर का'मध्ये २०१६ साली सुनेची माशी झाली. अख्ख्या देशानं चेष्टा केली, आणि मालिका २०१८ पर्यंत चालू राहिली. माशीच्या त्या आठवड्यात आमच्याकडं उलट फोन वाढले होते. दुपारी रिपीट कधी लागतो, एवढंच विचारायला. माणूस अचाट गोष्टीला हसतो, शेजारणीला बोलावून दाखवतो. सोडत नाही.

मरणानंही सोडत नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये मिहीर, म्हणजे तिचा हिरो, मेला, त्या रात्रीचं आठवतंय. साडेदहाची मालिका. अकराच्या सुमारास फोन सुरू झाले. लाईन गेली नव्हती. लोक मला विचारत होते, "खरंच मेला का ओ?" जसं काही मीच वर बसून ठरवतोय. एका आजोबांनी तर "हे बरं केलं नाही तुम्ही" म्हणून रागावून फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी साडेदहाला सगळे टीव्हीसमोर हजर. मिहीर परत आला, मग त्याचं काम करणारा नट बदलला, पुन्हा एकदा बदलला, तरी लोक होतेच. ज्या भागावर माणूस दोन दिवस भांडतो, त्या भागामुळं तो मालिका सोडत नसतो. भांडण म्हणजे नातं शाबूत आहे.

मग सोडतो कधी? मी जे बघितलं त्यावरून सांगतो. आजवर मी जे बघितलं, लक्षात ठेवलं, ते फुकट होतं, असं मालिकाच आपल्या तोंडानं सांगते तेव्हा.

चिमणपुऱ्यातल्या एका काकूंचं उदाहरण देतो. माझं गिऱ्हाईक, महिन्याच्या एक तारखेला पैसे मोजून तयार ठेवणाऱ्या. 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली २०१३ मध्ये, तेव्हापासून आठ वाजता त्यांच्याकडं वसुलीला जायचं नाही असा आमच्या पोरांना हुकूम. नंतर मालिकेतल्या सुनेला, जान्हवीला, दिवस गेले. आणि ते जे गेले ते जातच राहिले. योगायोग असा, की त्याच सुमाराला काकूंच्या घरात सुनेलाही दिवस होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, सून माहेरी कोरेगावला गेली, बाळंत झाली, बाराव्या दिवशी बारसं झालं. काकू बारसं उरकून घरी आल्या, आठ वाजता टीव्ही लावला, तर जान्हवी तशीच. मी त्या महिन्याचे पैसे घ्यायला गेलो तर उंबऱ्यातच बोटाची पेरं मोजून दाखवली मला. "हे बघ, इथनं धर. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ..." पेरं संपली, पुन्हा पहिल्या बोटावर आल्या. "आमचं नातवंड कुशीवर वळायला लागलं, हिचं अजून पोटातच. मला काय येडी समजतात का?"

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. काकूंना गोष्ट लांबली याचा राग नव्हता. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चाललं, तीन हजारांवर भाग झाले, ते त्यांनी मुकाट बघितलं होतं. तिथं लांबण असली तरी सासू-सुनेचा मूळ हिशोब कुणी विसरलं नव्हतं. इथं मात्र नऊ महिने कशाला म्हणतात ते ठाऊक असलेल्या बाईपुढं महिने मोजायचंच सोडून दिलं होतं. त्या दिवसापासून काकूंचा आठचा टीव्ही बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर जान्हवीवरचे विनोद फिरायचे, त्यावरही त्या हसल्या नाहीत. विनोद फिरवणारे बघत होते, ह्यांनी सोडली होती.

आता 'देवमाणूस', खून करणाऱ्या डॉक्टरची मालिका. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. तोवर मी धंद्यातून बाहेर पडलो होतो, पण लाईन भाच्याकडंच दिलीय, त्यामुळं कान उघडे आहेत. ही मालिका इतर जिल्ह्यांनी बघितली ती गोष्ट म्हणून. आम्ही बघितली ती पेपरातली बातमी आठवत. आमच्याच जिल्ह्यातलं वाईजवळचं ते खूनसत्र २०१६ च्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं, एक डॉक्टर पकडला गेला, जमिनीत पुरलेले मृतदेह पोलिसांनी उकरून काढले. ते दिवस इथल्या माणसाच्या डोक्यातून जायचे नाहीत. त्यामुळं आमच्याकडच्या प्रेक्षकाला शेवट काय असायला पाहिजे ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं : हा सापडणार. तेवढ्या एका गोष्टीसाठी लोक रात्री साडेदहाला जागे राहायचे. सरू आजीच्या म्हणी तेवढ्या वरचा मसाला. डॉक्टर झालेल्या किरण गायकवाडचं कामही असं, की बाजारात दिसला असता तर बायकांनी चपला मारल्या असत्या. 'लागिरं झालं जी'मधला खलनायक भैय्यासाहेब तो हाच, म्हणजे आमच्याकडं आधीच बदनाम!

पण तो सापडला, तरी सुटला. ऑगस्ट २०२१ मध्ये पर्व संपलं आणि डिसेंबरात तोच माणूस दुसऱ्या पर्वात जिवंत. आमच्या कट्ट्यावर निवृत्त पोलीस हवालदार आहेत, त्यांनी दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग अर्धा बघितला आणि उठले. म्हणाले, "पंचनामा केलेला माणूस परत उठून बसला तर मी काय करायचं?" एक वर्ष रात्री जागून तपास केल्यासारखी मालिका बघितली होती त्यांनी. कोण कुठं पुरलंय, कुणाचे दागिने कुठं गेले, सगळं तोंडपाठ. ते सगळं एका भागात रद्दीत गेलं.

ह्या प्रकारातला सगळ्यात मोठा नमुना अमेरिकेतलाच. 'डॅलस' नावाची तेलवाल्या घराण्याची मालिका. १९८५ मध्ये बॉबी हे मोठं पात्र मारलं. वर्षभर त्याच्या मागं राहिलेल्यांची गोष्ट चालली. पुढं त्या नटाला परत आणायचं ठरलं, तेव्हा मे १९८६ मध्ये बायको झोपेतून उठते आणि बॉबी न्हाणीघरात आंघोळ करतोय असं दाखवलं. मधलं अख्खं वर्ष म्हणजे तिला पडलेलं स्वप्न! मालिका पुढं १९९१ पर्यंत रेटली, पण पहिला जोर परत आला नाही. वर्षभर आठवड्याला एक तास दिलेल्या माणसाला तुम्ही सांगताय की तू दुसऱ्याचं स्वप्न बघत होतास. माझी लाईन तिथं असती तर त्या रात्री एकही फोन आला नसता.

लिहिणाऱ्यांना अक्कल नसते असं मी म्हणणार नाही. साताऱ्याच्या आजूबाजूला चित्रीकरणं इतकी झालीत की आम्हाला त्यांच्या खाचाखोचा माहितीयत. माझा एक जुना लाईनमन आता जनरेटर भाड्यानं देतो. त्याच्याबरोबर एकदा एका वाड्यात लग्नाचं चित्रीकरण बघायला गेलो होतो. मालिकेचं नाव नको. मांडव सहा दिवस उभा. पहिल्या दिवशीची झेंडूची माळ चौथ्या दिवशी काळी पडली, तर पोरगं पुढच्या बाजूला तेवढी नवी माळ लावत होतं, मागं काळीच. जेवणाच्या पंगतीत तीच जिलेबी, कुणी खायची नाही, तिच्यावर मुंग्या. आणि नवरी मुलगी कोपऱ्यात बसून पुढच्या प्रसंगाची वाट बघतेय, कारण कागद मुंबईहून फोनवर येणार होता. लग्न होणार की मोडणार ते नवरीलाच माहीत नाही! आठवड्याला सहा भाग, मधेच एखादा रविवारचा महाएपिसोड, आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे. आकडा पडला की गोष्ट वळवायची, नट सोडून गेला की पात्र गावाला पाठवायचं. अशा घाईत मागचं लक्षात ठेवायला कुणालाच सवड नसते. लक्षात ठेवतो तो फक्त बघणारा. भांडणाचं मूळ तिथंच आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही तपासून बघा. बरेचदा दोष भागावर ढकलला जातो आणि खरं कारण असतं वेळ. साडेसातची मालिका साडेसहाला नेली की निम्म्या घरांत ती तिथंच मेली, कारण साडेसहाला भाकरीचं पीठ मळायचं असतं, गिरणीतून दळण आणायचं असतं. बाई मालिका सोडत नाही, मालिका बाईच्या दिवसातून पडते. मग कुणी विचारलं तर "काय ते, कायबी दाखवतात" असं उत्तर येतं. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे केबलवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे दर आले, आणि लोकांनी आपल्याला हवी ती चॅनेलं कागदावर लिहून द्यायची असं झालं, तेव्हा हे मला स्वच्छ दिसलं. "ते नको, ते काढा" म्हणणाऱ्यांत चॅनेलवर चिडलेले थोडे होते. बहुतेकांना आपण ते बघायचं कधी थांबवलं हेच आठवत नव्हतं.

तुमच्या आईचं तसं दिसत नाही. तिला दिवस आठवतोय, भाग आठवतोय. मालिकेचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण चार वर्षं आणि सोडल्याचा काळ बघून माझा अंदाज 'आई कुठे काय करते'. त्यात २०२४ मध्ये अरुंधतीचा, म्हणजे त्यातल्या आईचा, दुसरा नवरा आशुतोष गेला. आमच्या घरात त्या दिवशी वहिनी उठून गेल्या, त्या परत बसल्या नाहीत. मिहीरच्या मरणासारखं हे का झालं नाही, यावर मी बराच विचार केला. मिहीर मेला तेव्हा गोष्ट पुढं जाणार होती. अरुंधतीची गोष्ट मात्र त्या दुसऱ्या लग्नापाशी पोचायलाच तीन वर्षं लागली होती. पंचवीस वर्षं संसारात घालवलेल्या बाईनं पुन्हा लग्न करावं की नाही यावर घराघरांत वाद झाले होते, आमच्या वहिनींनी तर सख्ख्या जावेशी अबोला धरला होता. एवढं करून ते लग्न लावलं, आणि मग अपघातात उडवलं. वहिनींचं म्हणणं एकच, "मग आमची भांडणं कशाला लावलीत?" अंदाज चुकला असेल तर सांगा. आणि आईला फार खोदून विचारू नका. मोबाईलवर उरलेले भाग लावून देतो, शेवट तरी बघ, असलंही काही करू नका. वहिनींना त्यांच्या लेकानं लावून दिलं होतं, तर त्यांनी मोबाईल पालथा घातला.

माझी स्वतःची? 'सीआयडी'. १९९८ पासून. बंद झाली २०१८ मध्ये, तरी जुने भाग बघत होतो. नवं पर्व आलं, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युम्न गेले. मला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर प्रद्युम्नचं काम करणाऱ्या शिवाजी साटमांबद्दल तासभर बोललो, जसं गावातलं कुणी गेल्यावर बोलतात. नवा एसीपी आला, तो काही रुचला नाही, तरी बघत होतो. मग काही आठवड्यांत प्रद्युम्न परत आले, धडधाकट. बायको खुशीत हाक मारत होती, "अहो, या, तुमचे साहेब आले." मी गॅलरीतच बसून राहिलो.