भावाच्या दंडात मांडीतला स्नायू बसवून तीन महिने झाले, कोपर हलत नाही. ऑपरेशन फसलं का? वस्ताद म्हणतात तालमीत मालीश करा, करून घेऊ का?

फसलं असं एवढ्यात म्हणता येत नाही, आणि मालीश नको.

गाडीवरून पडून खांद्याजवळच्या नसा (रक्ताच्या नव्हे, मेंदूचा हुकूम नेणाऱ्या) तुटल्या की मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस स्नायू दंडात लावतात, तसंच तुमच्या भावाचं झालंय. त्याचा रक्तपुरवठा ऑपरेशनमध्येच सुरू होतो. नस मात्र जिथं शिवली त्या जोडापासून स्नायूपर्यंत वाढत जावी लागते: आधी काही आठवडे ती थांबते, मग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. जोड ते स्नायू ८ सेंटिमीटर असेल तर अडीच-तीन महिने निव्वळ वाटचालीतच जातात. पहिली थरथर बहुधा ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान दिसते.

आता वस्तादांचं. कोल्हापुरात हात धरला की पहिला सल्ला मालिशीचाच येतो, आणि पैलवानाच्या शाबूत हाताला ती चालतेही. इथं त्या स्नायूचं खालचं टोक बायसेप्सच्या (बेटकुळीच्या स्नायूच्या) कंडऱ्यात, म्हणजे त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, विणून शिवलेलं असतं. कुणी कोपर जोर लावून सरळ केलं तर शिवण ढिली पडते. मग नस पोहोचून स्नायू आवळला तरी तो सैल दोरीसारखाच राहतो आणि कोपर काही वाकत नाही. कोपर किती सरळ करायचं हे फक्त सर्जननं सांगायचं. काही जण शेवटचे २०-३० अंश मुद्दाम राखून ठेवतात.

डिस्चार्ज कार्ड काढा आणि कोणती नस जोडलीय ते बघा. सगळा व्यायाम त्यावर ठरतो. स्पायनल ॲक्सेसरी, म्हणजे मानेतून खांद्याकडे जाणारी असेल, तर खांदा वर उडवल्यावर स्नायूला हुकूम जातो. इंटरकोस्टल, म्हणजे बरगड्यांमधली असेल, तर खोल श्वास घेतल्यावर किंवा खोकल्यावर. (पुढे शिंक आली की कोपर आपोआप वाकतं, घाबरू नका, ती चांगली खूण आहे.) बरगडीची नस असेल तर हात बाजूला वर उचलणं सर्जन सांगेपर्यंत टाळा, जोडावर ताण येतो. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी.

व्यायाम असा: टेबल खांद्याच्या उंचीचं घ्या, वर गुळगुळीत फळी ठेवून टाल्कम पावडर मारा आणि हात त्यावर आडवा ठेवा, म्हणजे हाताचं वजन उचलावं लागत नाही (बरगडीची नस असेल तर हात असा ठेवायचा का, ते आधी सर्जनला विचारा). दुसऱ्या हाताची बोटं दंडाच्या मधोमध ठेवा. खांदा उडवा किंवा श्वास घ्या, त्याच क्षणी 'कोपर वाकव' असं मनात आणा, ५ सेकंद धरा, १० सेकंद सोडा. दहा वेळा झालं की बस. दिवसातून चार-पाच वेळा पुरे. थकलेला नवा स्नायू काहीच शिकत नाही. आधी बोटांखाली नुसती थरथर लागेल, बेटकुळी फार पुढची गोष्ट. कोपर फळीवर पूर्ण वाकायला लागलं की हात उभा धरून, वजनाविरुद्ध. तेही पूर्ण जमल्यावरच पाव किलोची पिशवी, तीसुद्धा फिजिओथेरपिस्टला विचारून. खांदा न उडवता किंवा श्वास न रोखता कोपर वाकवणं सर्वांत शेवटी येतं, त्याला वर्ष-दीड वर्षही लागतं.

बोटं आणि मनगट दुसऱ्या हातानं रोज हलवत राहा, नाहीतर सांधे आखडतील. बसता-चालताना हाताची झोळी (पाऊच) लावा; लोंबकळत्या हाताच्या वजनानं खांदा खाली निखळतो. हाताला संवेदना नसेल तर गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, चुलीजवळ बसणं बंद. भाजल्याचं कळतच नाही, फोड दिसल्यावर कळतं. तंबाखू, मिश्री, सिगारेट सुटली तर बरंच. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात.

बोटांच्या कंडऱ्यांना वेगळं जोडलेलं नसेल तर या स्नायूनं मूठ वळणार नाही, फक्त कोपर. हे भावाला आत्ताच सांगा.

सहा महिने उलटले आणि बोटांखाली काहीच लागलं नाही, तर सर्जनला दाखवून ईएमजी (स्नायूतले विद्युत संकेत बघणारी तपासणी) करून घ्या. आणि आलेली हालचाल झटका बसून अचानक गेली तर वाट न बघता त्याच आठवड्यात जा, कारण तेव्हा शंका नसेवर नाही, शिवणीवर असते.